गुळणी धरून दिलेला इंटरव्ह्यू

गुरुजी,

गेलं वर्षभर मी तुमच्यावर इतकी चिडलेली होते की तुम्ही हयात असतात तर केदारखेड्याला येऊन तुमच्या ओट्यावर बसून भांडले असते. मोठ्यानं भांडले असते, शेजारपाजारचे गोळा होतील असं. पण तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी कोण ते आधी सांगते, कारण तुमच्या हाताखालून कितीतरी पोरं गेली. केदारखेड्याच्या पुढं, नाल्यापलीकडं आमची वस्ती. तिथली ती एका खोलीची शाळा, पहिली ते चौथी सगळी त्याच खोलीत, आणि शिकवायला तुम्ही एकटे. मी मेंढरंवाल्यांची पोरगी, खिडकीखाली बसणारी, गणितात सगळ्यांच्या आधी पाटी उलटी ठेवणारी. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. बोट करून ‘ए खिडकी’ म्हणायचात. तीच मी.

आता मी चाळिशीला टेकले आहे. कॉम्प्युटरनं काय करायचं ते त्याला त्याच्या भाषेत लिहून देणं, हे माझं काम. नवरा इथल्याच एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे, त्यामुळे आम्ही नवीन जालन्यात राहतो आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम मी वरच्या खोलीत बसून करायची. मग एका सोमवारी सकाळी त्या कंपनीनं आमची सगळी टीमच बंद करून टाकली. सासरकडून लगेच तोडगा निघाला. जुन्या जालन्यात दिरांचं धान्याचं ठोक दुकान आहे, तिथं बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवाच होता. “घरचं दुकान हाय, मंग टेन्शन कशाचं?” दीर म्हणाले. वाईट मनानं म्हणाले नाहीत, पण मला ऐकूनच धडकी भरली. मला माझं काम आवडतं, गुरुजी. एखादं अडलेलं गणित दिवसभर डोक्यात घेऊन फिरायचं आणि भाजी फोडणीला टाकता टाकता ते सुटायचं, यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. या वयात एकदा त्यातून बाहेर पडलं की परत आत कोणी घेत नाही. म्हणून त्या मोठ्या कंपनीचा, जिचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे अशा कंपनीचा, इंटरव्ह्यूसाठी फोन आला तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली.

हे इंटरव्ह्यू कसे असतात ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही जिल्हा परिषदेत चार साहेबांपुढं उभे राहिला असाल, नाव-गाव-शिक्षण सांगितलं असेल, झालं. इथं तसं नाही. इथं एकामागून एक राउंड असतात. समोर स्क्रीनवर एक अनोळखी माणूस येतो, दोन शब्द गोड बोलतो आणि गणित घालतो. तो बघत असताना ते तुम्ही सोडवायचं. मला पहिल्याच राउंडला घातलेलं गणित असं होतं की एका ऑफिसात दिवसभरात पुष्कळ बैठका आहेत, प्रत्येकीची सुरू व्हायची आणि संपायची वेळ दिली आहे, तर कमीत कमी किती खोल्या लागतील ते काढून दाखवा. मला हसूच आलं. चार वर्ग आणि एक खोली, यात वाढलेली मी, मला काय विचारता! मी गणित वाचलं, मान खाली घातली, सोडवलं, लिहिलं आणि मान वर केली. उत्तर बरोबर होतं. पुढचे राउंडही असेच गेले. एका बाईंनी मधेच विचारलं, आता तुमच्या मनात काय चाललंय? मी बोट वर करून त्यांना थांबायची खूण केली. दुसऱ्या एकानं विचारलं तेव्हाही तेच. सगळी उत्तरं बरोबर. मी खाली येऊन नवऱ्याला म्हटलं, आता पेढे आण.

चार दिवसांनी कंपनीतल्या त्या मुलीचा फोन आला, जी हे सगळं जमवून आणायची. आवाज इतका नरम की मला वाटलं कुणी तरी आजारी आहे. म्हणाली, मॅडम, या वेळी पुढं जाता येणार नाही. मी म्हटलं, काही तरी चूक होतेय, माझी उत्तरं तपासून बघा. ती म्हणाली, उत्तरं सगळी बरोबर होती, पण तुम्ही विचार कसा करता ते कुणालाच दिसलं नाही. विचार दिसतो कसा, गुरुजी? तो काय शर्ट आहे? बरोबर उत्तर दिलं तरी नापास करतात, असं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. फोन ठेवला आणि जिन्यातच बसून राहिले. सुन्न होणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालता घालता काही तरी विचारत होत्या आणि मी नुसती त्यांच्याकडं बघत होते.

नवरा तसा कामाचा माणूस. म्हणाला, “रडून काय होणार? माझ्यापुढं दे इंटरव्ह्यू. मी बघतो काय करून राह्यली तू.” रविवारी दुपारी आम्ही वरच्या खोलीत बसलो. त्यानं ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घातला, खाली मात्र लुंगीच. मोबाइल डब्याला टेकवून रेकॉर्डिंग लावलं आणि एका कागदावरून गणित वाचलं, तेही असं की जसं काही कापसाच्या बियाण्याच्या पिशवीवरचं वाचतोय. मी सोडवलं. मग आम्ही रेकॉर्डिंग बघायला बसलो.

त्यात सुरुवातीला पंख्याचा आवाज आहे. मग खालून भंगारवाला ओरडत जातो. मग पुन्हा पंखा. आणि पडद्यावर मी आहे. मी शेजारचा पाण्याचा ग्लास उचलते, मोठा घोट घेते आणि गिळत नाही. दोन्ही गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे कागदावर. नवरा विचारतो, “काय विचार करून राह्यल्या मॅडम?” मी बोट वर करते. गाल तसेच. पुन्हा पंखा, पुन्हा पंखा, भंगारवाला परत येतो, आणि शेवटी उत्तर लिहून झालं की माझ्या गळ्याची घाटी वरखाली होते, पाणी आत जातं आणि मी म्हणते, झालं.

“अगं, हे काय हाय?” नवरा म्हणाला. “मिठाची गुळणी धरून बसतात म्हणतात, तू तर खरीखुरी धरून बसली!” आणि तो जो हसायला लागला तो थांबेना. मला हसू येत नव्हतं. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मला माहीतच नव्हतं, गुरुजी. आई शपथ. बोर्डाच्या परीक्षेत, इंजिनिअरिंगच्या पेपरांत, पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी हेच करत आले असणार, आणि कोणी मला सांगितलं नाही, कारण तिथं कोणी माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं. त्या मोठ्या कंपनीच्या सगळ्या माणसांनी मात्र गाल फुगवून बोट वर करणारी एक बाई पाहिली होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ते सगळं आठवलं. मी दुसरीत आहे. तुम्ही चौथीला भागाकार घालताय आणि आम्हाला बेरजा दिल्यात. मी बोटं मोजत पुटपुटतेय, सात नि आठ पंधरा, हातचा एक. तुम्ही भिंतीकडून थेट माझ्यासमोर येता आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणता, “काय इचारून राह्यली?” मी म्हणते, काही नाही गुरुजी. तुम्ही परत फिरता. मी परत पुटपुटते. तुम्ही परत येता, आता तुमचा चेहरा लाल झालेला. “इचारायचं न्हाई तर तोंड कशाला हालवती? धर गुळणी!” खोलीच्या कोपऱ्यात माठ आहे, त्यावर जर्मनचा पेला उपडा. मी जाते, घोट घेते, गाल फुगवून जागेवर येऊन बसते. गणित होऊन पाटी उलटी ठेवल्याशिवाय पाणी गिळायचं नाही, हा तुमचा कायदा. माझ्याआधीही कितीकांनी गुळणी धरली होती. कुणाला हसू फुटायचं आणि पुढच्याची पाठ भिजायची. मला मात्र त्या पाण्यात काही तरी गवसलं. तोंड बंद झालं की डोक्यातले आकडे आपोआप रांगेत उभे राहायचे. तुम्ही टाळी वाजवली की सगळ्या पाट्या सुलट व्हायच्या, तुम्ही एकेक बघत जायचात, आणि माझ्यापाशी आलात की म्हणायचात, बराबर, बिलकुल बराबर. उरलेल्या दिवसाला तेवढं पुरायचं.

तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते तो दिवसही आठवतो. चार वर्ग बसलेले आणि खोलीत पेन्सिलींच्या करकरीशिवाय आवाज नाही. साहेब दारातच थबकले. म्हणाले, गुरुजी, अशी शिस्त सबंध तालुक्यात नाही. तुम्ही हसून मान हलवलीत. मग साहेब काय काय बोलत राहिले आणि तुम्ही मान हलवत राहिलात. आम्हाला वाटलं, केवढा हा मोठा माणूस, साहेबाशीसुद्धा जास्त बोलत नाही. तुम्ही सायकलवरून रस्त्याच्या मधोमध जायचात, मागं एस्टी हॉर्न वाजवून थकायची, ड्रायव्हर शिव्या घालायचा आणि तुम्ही ढिम्म हलायचा नाहीत. आमच्या वस्तीवर त्याचं कोण कौतुक! “आपले गुरुजी एस्टीला बी वाट देत न्हाईत,” असं माझा बा पाहुण्यांना सांगायचा. चौथी झाली आणि मी पाचवीला केदारखेड्याला चालत जाणार म्हणून तुम्ही मला लाल झाकणाची, गळ्यात अडकवायची वॉटरबॅग दिलीत. वस्तीवरच्या एकाही पोराकडं तशी नव्हती. म्हणालात, लई दूर जायचं तुला, पाणी जवळ ठेव. मी ते पाळलं, गुरुजी. नको तितकं पाळलं.

त्या रविवारनंतर मी ग्लास खोलीबाहेर ठेवून सराव करायला लागले. बोलत बोलत विचार करायचा, एवढंच तर होतं. पण जमेना. एक वाक्य तोंडातून निघालं की मागचा विचार पुसला जायचा, ओली पाटी पुसावी तसा. चुकीचं काही ओठांवर आलं की अंगाला घाम सुटायचा. नवरा म्हणायचा, चुकली तर चुकली, बोल की. बोल की! ज्याला लहानपणी कुणी तोंड मिटायला लावलं नाही त्याला ते सोपं आहे. मी तुमच्यावर चिडले ती तेव्हापासून. मला वाटायला लागलं की तुम्ही एक शिस्त म्हणून माझ्या गळ्यात धोंडा बांधलात आणि तो माझ्या नोकरीला घेऊन बुडाला. मधले काही महिने मी दिरांच्या दुकानात बिलिंगला बसले, कारण घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. तिथं आणखी एक धक्का. जुन्या जालन्यातली ती अख्खी गल्ली तोंडानं हिशोब करते! हमाल पोती मोजतो मोठ्यानं, दीर भाव लावतात मोठ्यानं, गिऱ्हाईक चूक काढतं त्याहून मोठ्यानं, मग सगळे मिळून पुन्हा पहिल्यापासून. कुणाला कशाची लाज नाही. मी कॉम्प्युटरमागं बसून हे ऐकायची आणि मला हेवा वाटायचा.

पावसाळा सरताना त्या नरम आवाजाच्या मुलीचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका टीममध्ये जागा आहे, मॅडम, पुन्हा बसाल का? मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात नवऱ्याला बियाण्याचे प्लॉट बघायला भोकरदनच्या बाजूला जायचं होतं. मी म्हटलं, मला केदारखेड्यात सोड. आपल्या शाळेला आता कुलूप आहे, पोरंच उरली नाहीत म्हणतात. खिडकीचं दार निखळलंय. तिथून मी तुमच्या घरी गेले. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. नजर तेवढी मंद झालीय, बाकी ठणठणीत. मी कोण ते सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, “वाटरबॅगवाली का तू? ती मीच आणल्ती भोकरदनच्या बाजारातून. त्याहीला कुठं घासाघीस करता यायची!”

चहा झाला. मी मनात भांडण घेऊन गेले होते, पण काकूंपुढं ते काढवेना, म्हणून गंमत म्हणून सांगितलं. इंटरव्ह्यू, फुगलेले गाल, वर केलेलं बोट, सगळं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग हसता हसताच म्हणाल्या, “काय करतील मंग ते तरी? पोराचे ओठ हालले की त्याहीला वाटायचं, काही इचारून राह्यलं. जवळ जाऊन पाहावं तर काहीच न्हाई. दिवसभर अशा चकरा मारून मारून जीव जायचा त्यांचा.”

मी म्हटलं, म्हणजे?

“म्हणजे काय? ऐकू कुठं येत होतं त्याहीला?” काकू म्हणाल्या. शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. “लहानपणी ताप आल्ता, त्यात एक कान गेला. दुसरा हळूहळू गेला. तू शाळेत होती तवा बिलकुल न्हाई. ओठावरून वळखायचे समदं. नोकरी जाईल म्हणून कोणाला कळू दिलं न्हाई, मी बी कधी बोलले न्हाई. आता काय, ते बी गेले न् शाळा बी गेली.”

गुरुजी, मी रिकामी कपबशी खाली ठेवली. मला काकूंचा एकही शब्द खोटा वाटला नाही, आणि तरी काहीच खरं वाटेना. डोक्यात सगळं एकदम पालथं झालं. मागून हॉर्न देणारी एस्टी. साहेबांपुढं हलणारी मान. आम्ही कविता म्हणायचो तेव्हा टेबलावरचा तुमचा ठेका नेहमी आमच्या एक ओळ मागं असायचा आणि आम्हाला ती तुमची चाल वाटायची. नावानं हाक न मारता ‘ए खिडकी’. पाटीवर लिहून दाखव, पाटीवर लिहून दाखव, वर्षानुवर्षं. आम्ही ज्याला शिस्त म्हणत होतो, मी ज्याला आयुष्यभर विचार करायची पद्धत समजत आले, ती एका बहिऱ्या माणसानं चार वर्गांत टिकून राहायला काढलेली युक्ती होती. तिच्यात तत्त्व नव्हतं, काही नव्हतं. ओठ हलले म्हणजे प्रश्न, ओठ मिटले म्हणजे निवांत, एवढंच. आणि मी त्या पाण्याची गुळणी पुण्यापर्यंत नेली आणि परत आणली!

मी विचारलं, गुरुजी घरी तरी गप्प असायचे का? काकू म्हणाल्या, “गप्प? आगं, घरात तोंड बंद नसायचं. किराण्याचा हिशोब करायचे तर गल्लीला ऐकू जायचा. त्याहीला स्वतःचा आवाज कुठं ऐकू येत होता?” तुम्ही मोठ्यानं हिशोब करायचात! सगळ्या वस्तीला गुळणी धरायला लावून स्वतः घरी मोठ्यानं! परतीच्या रस्त्याला मी नवऱ्याला सांगितलं तर त्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, “इतकी वर्षं कोणाच्याच ध्यानात आलं न्हाई?” नाही आलं. आमच्यातल्या कुणाच्याच नाही. माझा राग त्या दिवशी गेला नाही, उलट वाढला. तुम्ही मला फसवलंत असंच वाटत राहिलं. एकदा तरी सांगायचं होतंत. आम्ही पोरं होतो, आम्हाला काय, आम्ही समोर येऊन तोंड मोठं उघडून बोललो असतो.

या खेपेचे पहिले राउंड बरे गेले असं म्हणवत नाही, पण मी बोलले. दुकानातली गल्ली कानात घेऊन बोलले. ग्लास नवऱ्यानं आधीच खाली नेला होता. शेवटच्या राउंडला एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी गणित घातलं की पुष्कळ गावं आहेत, मधे रस्ते आहेत, तर असे रस्ते शोधून काढा की त्यातला एक जरी बंद पडला तरी काही गावं तुटतील. मला लगेच आपला नाला आठवला. पाऊस झाला की वस्ती तुटायची आणि तुमची सायकल पलीकडं थांबायची. मी बोलायला लागले. आधी एक रस्ता धरला, मग म्हणाले, नाही, हे चुकलं, असं केलं तर एकाच गावाला परत परत येऊ. हे मी मोठ्यानं म्हणाले, गुरुजी, चुकलं म्हणून! आणि समोरचा माणूस रागावला नाही. त्यांनी मान हलवली, पुढं चला अशी.

आणि तेवढ्यात माझे हेडफोन गेले. चार्जिंग संपलं, आवाज एकदम बंद. मी बटणं दाबतेय, काही होत नाही. पडद्यावर ते गृहस्थ खाली कुठं तरी बघताहेत आणि त्यांचे ओठ हलताहेत. ओठ हलताहेत आणि मला काही ऐकू येत नाही. ते मला काही विचारताहेत का? की नाही? थांबून उत्तराची वाट बघताहेत का? मी काय बोलू? माझी नोकरी त्या ओठांवर टांगलेली होती आणि मला त्यातला एक शब्द लागत नव्हता. आणि मग मला जाणवलं की मी मान हलवतेय. हसतेय आणि मान हलवतेय, तुम्ही साहेबांपुढं हलवली होतीत अगदी तशी. मी ते कुणाकडून शिकले नव्हते. ज्याला ऐकू येत नाही आणि जे कळू द्यायचं नाही, त्याची मान आपोआप तशी हलते.

मी हे काही पळांसाठी सोसलं. समोर एकच माणूस, एकच तोंड. तुमच्यापुढं चार वर्ग होते. चार वर्गांची तोंडं, सगळी हलणारी, आणि दरेक वेळी तोच प्रश्न, मला काही विचारलं का? रोज. निवृत्त होईपर्यंत रोज. माझा वर्षभराचा राग तिथं त्या खुर्चीत संपला. आणि मी दुसरं काही न सुचून तुमचंच केलं. ज्या पडद्यावर कोड लिहायचा असतो तिथंच लिहिलं, मला आवाज येत नाहीये, कृपया लिहून दाखवा. त्या गृहस्थांनी वर पाहिलं, हसले, आणि लिहिलं, मी तुम्हाला काही विचारत नव्हतो, तुमचं गणित मी माझ्याशीच करून बघत होतो.

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरली. मी लॅपटॉपचा आवाज सुरू केला, माफी मागितली आणि उरलेलं गणित बोलत बोलत पूर्ण केलं. मधे दोनदा चुकले, दोन्ही वेळा मोठ्यानं.

आज सकाळी फोन आला. मला घेतलं, गुरुजी. त्या मुलीचा आवाज या वेळी नरम नव्हता, चांगला खणखणीत होता. म्हणाली, तुम्ही विचार कसा करता ते सगळ्यांना अगदी स्वच्छ दिसलं. मला धन्यवादसुद्धा म्हणता आलं नाही. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि मी फोन कानाला लावून ओठ मिटून उभी. तोंडात पाणीसुद्धा नव्हतं. अजून मला ते खरं वाटत नाही. नवऱ्यानं दिरांना दुकानात फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, “मंग बिलिंगला आता कोण?”

हे पत्र मी काकूंकडं देणार नाही. त्यांना वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणी ते वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. कपाटात राहील. एक मात्र विचारायचं राहून गेलंय. माझा आवाज तुमच्या कानावर कधी पडलाच नाही का? बराबर, बिलकुल बराबर म्हणायचात ते नुसतं पाटी बघून, हे आता मला कळलंय. पण पहिलीत पहिल्या दिवशी मी बाच्या मागं लपून ओरडले होते, मला शाळा नको म्हणून, वस्तीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. तुम्ही खाली बसून माझ्या तोंडाकडं बघत होतात. त्यातलं कणभर तरी आत गेलं असेल, असं मी धरून चालते.

आणि एक सांगते. हे सगळं मी मनात लिहिलेलं नाही. दुपारपासून एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलंय, चुकलं की खोडलंय, पुन्हा म्हटलंय. मघाशी नवऱ्यानं जिन्यातून हाक मारून विचारलं, “कोणाशी बोलून राह्यली गं?”

मी म्हटलं, कुणाशी नाही, माझं मीच. ते खोटं होतं.